खिशातून मेजावर

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा सेकंदाला सुमारे शंभर कोटी अपूर्णांकी आकडेमोडी करण्याच्या त्याच्या कमाल शक्तीचे देशभर कौतुक झाले, आणि ते सर्वस्वी यथार्थही होते. आज त्याच पुण्यात स्वारगेटच्या बसमध्ये उभी असलेली एखादी विद्यार्थिनी ज्या साधारण फोनावर गाणी ऐकत असते, त्याची गणनशक्ती त्या महासंगणकाहून कितीतरी पटींनी अधिक आहे. आणि तरीही, महाविद्यालयात सादर करावयाचा वीस पानांचा प्रकल्प-अहवाल टंकित करण्याची वेळ आली की तीच विद्यार्थिनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पानामागे ठरलेला दर मोजते. शक्ती हातात आणि काम परस्वाधीन, या विसंगतीवर उपाय म्हणून गेली पंधराएक वर्षे एक कल्पना पुनःपुन्हा पुढे येत आहे. फोन खिशातून काढावा, मेजावरील एका लहानशा उपकरणास जोडावा, त्या उपकरणास पडदा, कळफलक आणि माउस आधीच जोडून ठेवलेले असावेत, आणि त्या क्षणापासून फोनाने मेजावरील संगणकाचे कामकाज पाहावे, अशी ती कल्पना. या उपकरणास डॉक किंवा डॉकिंग स्टेशन म्हणतात.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण विक्रेते तो बहुधा स्पष्ट करीत नाहीत. फोनाच्या पडद्यावर जे दिसते तेच मोठ्या पडद्यावर उमटविणे, म्हणजे केवळ प्रतिबिंब पाडणे, ही एक गोष्ट. आणि मोठ्या पडद्यावर स्वतंत्र मांडणी करणे ही निराळी गोष्ट. पहिल्या प्रकारात एक उभी चिंचोळी पट्टी मध्यभागी येते, दोन्ही बाजूंना काळोख राहतो, आणि चलच्चित्र पाहण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग होत नाही. दुसऱ्या प्रकारात खाली पट्टी असते, खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करता येतात, डावीकडे ईमेल उघडी ठेवून उजवीकडे पत्राचा मसुदा लिहिता येतो, आणि हातातील फोनावर त्याच वेळी कोणाशी बोलताही येते. ज्याला मेजावरील संगणक म्हणावे तो हा दुसरा प्रकार होय. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतील फोनांत ‘डेक्स’ या नावाने आणि मोटोरोलाच्या काही फोनांत प्रथम ‘रेडी फॉर’ व पुढे ‘स्मार्ट कनेक्ट’ या नावाने तो आढळतो. आयफोनाला ‘आयफोन १५’ पासून, म्हणजे २०२३ पासून, सर्वमान्य यूएसबी-सी छिद्र मिळाले खरे, पण मोठ्या पडद्यावर त्याने आरंभी पुरविले ते मुख्यतः प्रतिबिंबच.

सगळा व्यवहार त्या एका छिद्रातून चालतो, यास्तव त्याची रचना थोडी तपशिलाने पाहणे इष्ट ठरेल. यूएसबी-सी छिद्रात चोवीस संपर्कबिंदू असतात. त्यांतील काही विजेसाठी, दोन जोड्या जुन्या मंद गतीच्या संदेशवहनासाठी आणि चार जोड्या शीघ्र गतीसाठी राखलेल्या असतात. पडद्यांची मानके ठरविणाऱ्या ‘वेसा’ या संस्थेने २०१४ साली अशी मुभा दिली की या चार शीघ्र जोड्यांपैकी दोन किंवा चारही जोड्या नेहमीचे काम सोडून ‘डिस्प्लेपोर्ट’ पद्धतीचे चित्रसंकेत वाहतील. दोनच जोड्या चित्राला दिल्या तर उरलेल्या दोहोंतून शीघ्र माहितीवहन होते. चारही दिल्या तर चित्र अधिक सूक्ष्म मिळते आणि कळफलक-माउस यांना जुन्या मंद जोडीवर समाधान मानावे लागते, जे त्यांना सहज पुरते. डॉक जोडताक्षणी फोन आणि डॉक यांच्यात एका निराळ्या तारेवरून वाटाघाट होते. कोणी कोणास वीज द्यावी, किती व्होल्टने द्यावी, चित्र पाठवावयाचे की नाही, हे सर्व पापणी लवण्याच्या आत ठरते, आणि मग एकाच तारेतून चित्र बाहेर जाते, टंकित अक्षरे आत येतात व विद्युत्घटही भरत राहतो. डॉकमधील एक लहान परिवर्तक त्या चित्रसंकेतांचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करतो, आणि घरातील एचडीएमआय छिद्र असलेला कोणताही दूरदर्शन संच ते चित्र दाखवू शकतो.

परंतु छिद्र बाहेरून चोवीस बिंदूंचे दिसले म्हणून आत चोवीस तारा जोडलेल्या असतीलच असे नाही. स्वस्त फोनांत सामान्यतः वीज आणि त्या जुन्या मंद जोड्या एवढेच जोडलेले असते. शीघ्र जोड्यांपर्यंत मार्गच नेलेला नसतो. अशा फोनास कितीही महागडा डॉक जोडला तरी पडदा काळाच राहतो, गिऱ्हाईक डॉक परत करावयास जाते, आणि दुकानदार, ज्यालाही ही गोष्ट ठाऊक नसते, दुसरा डॉक देतो. या बाबतीत किमतीवरही विसंबता येत नाही. गूगलच्या पिक्सेल फोनांतून बाहेर चित्र पाठविण्याची सोय, एवढे दाम मोजूनही, आठव्या पिढीपर्यंत मिळत नव्हती. ती २०२४ मध्ये आज्ञावलीच्या सुधारणेद्वारे खुली झाली.

कल्पना नवी नाही. ॲपलने १९९२ मध्येच ‘पॉवरबुक ड्युओ’ नावाचा सडपातळ लॅपटॉप काढला होता, जो मेजावरील ‘ड्युओ डॉक’ या पेटीत व्हिडिओ कॅसेटसारखा आत सरकवला की यंत्र स्वतःच त्याला ओढून घेई. फोनाच्या बाबतीत पहिला गाजलेला प्रयत्न मोटोरोलाच्या ‘ॲट्रिक्स’ने २०११ साली केला. त्याच्यासोबत ‘लॅपडॉक’ नावाचे साधन मिळे. त्यात ११.६ इंचांचा पडदा, कळफलक आणि विद्युत्घट असे सर्व काही होते, केवळ मेंदू नव्हता. तो मागे खोचलेल्या फोनाने पुरवावयाचा. फोनात त्या वेळी एक गिगाबाइट स्मृती आणि दोन गाभ्यांचा संस्कारक होता, आणि एवढ्या भांडवलावर फायरफॉक्स न्याहाळक चालविताना त्याची दमछाक होई. शिवाय एकट्या लॅपडॉकची किंमत सुमारे ५०० डॉलर, ज्यात त्या काळी स्वतंत्र मेंदू असलेले नेटबुक घेऊनही पैसे उरत. दीड-दोन वर्षांत कंपनीने तो उद्योग गुंडाळला.

मग ‘उबुंटू’ या संगणक-प्रणालीच्या कर्त्यांची पाळी आली. त्यांच्या कॅनॉनिकल कंपनीने २०१३ मध्ये ‘उबुंटू एज’ या फोनासाठी जनतेकडून ३ कोटी २० लाख डॉलरांची वर्गणी मागितली. सुमारे १ कोटी २८ लाख डॉलर जमले, पण लक्ष्य न गाठल्याने ज्याचे त्याला परत गेले. फोन आणि संगणक एकरूप करण्याचे हे स्वप्न कंपनीने २०१७ च्या एप्रिलमध्ये अधिकृतपणे सोडून दिले. दरम्यान मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ल्युमिया ९५० या फोनाबरोबर ‘कंटिन्युअम’ आणले. विंडोजची खिडकी, विंडोजचेच वर्ड, आणि साधारण माणसाला परिचित असा चेहरा, अशी सर्व अनुकूलता असूनही ते फसले, कारण लोकांची जी वर्षानुवर्षांची विंडोज-सॉफ्टवेअरे होती ती इंटेलच्या संस्कारकासाठी बांधलेली होती आणि फोनात चालत नव्हती. दुकानदाराने टॅली उघडून पाहावे आणि ते उघडूच नये, तर त्याला विंडोजच्या त्या परिचित चेहऱ्याचे काय कौतुक!

सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलक्सी एस८ बरोबर डेक्स काढले, तेव्हा या अनुभवांतून थोडे शहाणपण घेतले असावे असे वाटते. त्यांनी फोनाला विंडोज असल्याचा आव आणू दिला नाही. अँड्रॉइडची नेहमीची ॲपेच खिडक्यांत मांडली. पहिल्या डेक्स स्टेशनात फोन गरम होऊ नये म्हणून चक्क एक लहान पंखा बसविला होता. पुढच्या वर्षी आलेल्या डेक्स पॅडवर फोन आडवा ठेवून त्याचाच पडदा माउस म्हणून वापरता येई, आणि त्याच वर्षीच्या नोट ९ पासून स्टेशनाचीही गरज संपली. यूएसबी-सी ते एचडीएमआय अशी एक साधी तार पुरेशी झाली. २०२० पासून तर तीही तार अनेक संचांच्या बाबतीत अनावश्यक ठरली. अवजार क्रमाक्रमाने लहान होत शेवटी नाहीसेच व्हावे, असे भाग्य फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येते.

प्रत्यक्षात काम कसे होते? पत्रे, अर्ज, हिशेबाचे तक्ते, ईमेल, सात-बाराचा उतारा पाहणे, परीक्षेचा अर्ज भरणे, दृक्-संवादातून वर्ग ऐकत टिपणे काढणे, एवढ्या कामांत आठ गिगाबाइट स्मृतीचा चांगला फोन लॅपटॉपहून फारसा उणा पडत नाही. ठेच लागते ती विशेष कामांत. पुस्तकाची पानजुळणी, श्रीलिपीसारख्या जुन्या टंकव्यवस्थेतील मजकूर, आराखडे काढण्याचे भारी सॉफ्टवेअर, निविदा भरण्यासाठी लागणारी यूएसबीतील डिजिटल स्वाक्षरी, यांना सामान्यतः विंडोजच लागते. काही ॲपे उभ्या चिंचोळ्या पडद्याचीच कल्पना करून बांधलेली असल्याने रुंद पडद्यावर अवघडून बसतात. मराठी टंकनाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. फोनाच्या पडद्यावरील कळफलकात मराठीची जी सोय असते, ती बाहेरचा कळफलक जोडल्यावर तशीच राहील याची शाश्वती नाही; म्हणून इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहिणाऱ्याने खर्च करण्यापूर्वी उसना कळफलक जोडून एक परिच्छेद लिहून पाहावा, हे उत्तम.

पडद्याचा खर्च मात्र बहुतेक घरांत आधीच झालेला असतो. तो दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेला असतो. दूरदर्शन संच पुष्कळदा चित्राच्या कडा किंचित कापून दाखवितो, त्यामुळे खालची पट्टी दिसेनाशी होते. संचाच्या मांडणीत जाऊन चित्र पूर्ण बसविण्याचा पर्याय निवडावा लागतो. माउस हलवल्यावर बाण मागाहून येत असेल, तर ‘गेम’ हा पर्याय निवडावा, म्हणजे संच चित्रावर करीत असलेले अनावश्यक संस्कार थांबतात आणि दिरंगाई बरीच कमी होते. फोनाचे आच्छादन काढून ठेवावे. तासन्तास चाललेले काम आणि सतत भरत राहणारा विद्युत्घट यांमुळे उष्णता वाढते; फोन तापला की स्वतःची गती स्वतःच कमी करतो, आणि उष्णतेत सदैव पूर्ण भरलेला राहणारा लिथियमचा घट अकाली जीर्ण होतो. ज्या फोनांत घट ऐंशी टक्क्यांवर थांबविण्याची सोय आहे, त्यांत ती चालू ठेवावी.

आता या प्रकरणातील मला सर्वांत बोचणारी गोष्ट. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भारतात शंभरांतील सुमारे चार आणि नागरी भारतात सुमारे तेवीस कुटुंबांकडेच संगणक असल्याचे आढळले होते. नंतरच्या महामारीच्या काळात कितीएक घरांतील मुलांनी आपला अख्खा अभ्यास हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर केला. घरात फोन आहे, दूरदर्शन संच आहे, संगणक नाही, अशा घरासाठीच जणू ही योजना निर्माण झाली आहे. परंतु शीघ्र जोड्यांची ती वायरिंग आणि स्वतंत्र मांडणीची ती आज्ञावली बहुधा अशाच फोनांत असते, ज्यांचा मालक लॅपटॉप केव्हाच घेऊन बसलेला असतो. त्याला तिची गरज नाही, म्हणून तो ती वापरत नाही. तो वापरत नाही म्हणून कंपन्या म्हणतात की या सोयीला मागणी नाही. आणि मागणी नाही या सबबीवर ती खालच्या श्रेणीतील फोनांत उतरत नाही. शिवाय जी कंपनी फोनही विकते आणि लॅपटॉपही विकते, तिने एका वस्तूत दोन्ही देण्याची घाई करावी अशी अपेक्षा कशी धरावी?

दुसरी अडचण यंत्राची नसून कुटुंबाची आहे. मेजावरील संगणक घराचा असतो; फोन एका माणसाचा असतो. वडील सकाळी कामावर गेले की त्यांच्या खिशातून घरचा संगणकही जातो, आणि ते घरी असताना मुलीने निबंध लिहावयास घेतला, की त्यांना येणारा प्रत्येक फोन, प्रत्येक संदेश आणि बँकेचा प्रत्येक गुप्तांक तिच्या निबंधावर उमटतो. यावर खरा उपाय एकच दिसतो: नवा फोन घेतल्यावर जुना, पण बाहेर चित्र देणारा फोन कपाटात न टाकता सिमकार्ड काढून कायमचा दूरदर्शन संचाशेजारी ठेवणे. पडदा तडकलेला फोनही या कामास पुरतो, फक्त त्याचे ते छिद्र शाबूत हवे.

अलीकडे वारा थोडा फिरला आहे. गूगलने २०२५ मध्ये सॅमसंगच्या सहकार्याने मेजावरील मांडणी खुद्द अँड्रॉइडच्या सोळाव्या आवृत्तीतच आणण्याचे जाहीर केले, आणि त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपांनी मोठ्या पडद्यावर उभ्या आकाराचा हट्ट धरला तरी प्रणाली तो मानणार नाही अशीही तजवीज केली. आज्ञावली सर्वांना मिळू लागली, तरी तारांचा प्रश्न उरतोच, आणि तो कारखान्यातच सुटावयाचा आहे. सबब, या हेतूने फोन घेणाऱ्याने तपशीलपत्रात ‘डिस्प्लेपोर्ट’ अथवा ‘व्हिडिओ आउट’ असे स्पष्ट शब्द शोधावेत. ते नसतील आणि ‘यूएसबी २.०’ एवढेच लिहिले असेल, तर त्या फोनाकडून ही अपेक्षा ठेवू नये. शक्य असल्यास एचडीएमआयची तार आणि परिवर्तक बरोबर नेऊन, पैसे देण्यापूर्वी, दुकानातील संचावरच चित्र उमटते की नाही ते पाहावे. दुकानदार प्रथम थोडा आश्चर्यचकित होईल, पण बहुधा त्यालाही ते पाहावयाचे असते.