परत येण्याची हमी

गेल्या चैत्रात एका छापील अर्जातील ‘सध्याचा व्यवसाय’ या रकान्याशी मी बराच वेळ अडून बसलो होतो. वडिलांना हा प्रश्न कधी पडला नाही. ते सोळाव्या वर्षी, १९४४ साली, बडोद्याच्या कलावंत कारखान्यात तबल्याच्या साथीस रुजू झाले. पाच वर्षांनी, १९४९ च्या मे महिन्यात, संस्थानच विलीन झाले आणि नोकरी संपली. तरीही पुढली साठ वर्षे कोणी विचारले की ते ‘दरबारचा माणूस’ एवढेच सांगत. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. गाणे शिकवतो, पण गवई म्हणवून घेण्याचे धाडस नाही. शेवटी ‘शिक्षक’ असे लिहिले आणि पुढे सरकलो.

अर्ज होता फ्रान्सच्या पर्यटक-व्हिसाचा. मला पॅरिसशेजारच्या सुरेन या गावातले एक घर पाहावयाचे आहे. आपल्या सुरसागराकाठच्या गायनशाळेचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे कोणाचे घर ते सांगावयास नको. १८८६ साली ज्या मौलाबक्षांनी ही शाळा उघडली, त्यांचे दौहित्र इनायत खाँ. जन्म बडोद्याचा, १८८२ चा. ते १३ सप्टेंबर १९१० रोजी भाऊबंदांसह मुंबईहून बोटीत बसले आणि वीणा घेऊन अमेरिकेस गेले. पुढे फ्रान्समध्ये सुरेनला त्यांनी घर केले, त्याचे नाव ‘फजल मंजिल’. त्यांची कन्या नूर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडली आणि दाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. ती तारीखही १३ सप्टेंबर, साल १९४४. म्हणजे माझे वडील ज्या साली दरबारात रुजू झाले तेच. त्या घरावर तिच्या नावाची पाटी आहे म्हणतात. बाहेरून पाहीन, नमस्कार करीन आणि परत फिरेन, एवढाच बेत.

इनायत खाँ निघाले तेव्हा पहिले महायुद्ध व्हावयाचे होते. त्या काळी आजच्यासारखा पासपोर्ट बहुतेक देशांत कोणी विचारीत नसे. आपल्याकडे पासपोर्टचा कायदा आला तो १९२० साली. त्यांना बोटीचे भाडे आणि हिंमत पुरली. मला किती कागद लागले ते ऐका.

पहिली गोष्ट अशी की हा व्हिसा एकट्या फ्रान्सचा नसतो. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन नावाच्या लहानशा गावी, मोझेल नदीतल्या बोटीवर, पाच देशांनी आपापसांतील चौक्या उठवण्याचा करार केला. त्या गावाच्या नावाने व्हिसा ओळखला जातो आणि आज त्यात एकोणतीस देश आहेत. एका व्हिसावर सगळीकडे हिंडता येते, मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० हून अधिक राहावयाचे नाही. अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे करावा. प्रवासाच्या सहा महिन्यांपूर्वी करू नये आणि पंधरा दिवसांच्या आत आणू नये. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. शुल्क २०२४ पासून ९० युरो. व्हिसा मिळो न मिळो, ते परत येत नाही. आजारपणाचा विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. आपल्या पैशांत ही रक्कम ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या, “एवढ्यात तर दांडिया बाजारातले अख्खे घर आले असते!” कोणत्या साली, ते त्या सांगत नाहीत.

हे सारे जमले. अडले ते पैशांपाशी. पैसे नव्हते अशातला भाग नाही. पण गाण्याच्या मास्तरचा पैसा येतो पाकिटातून, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि थोडा गुरुपौर्णिमेस. तो कपाटात राहतो. अर्जाला हवा बँकेचा उतारा. मी शहाणपणा करून साठवलेले सारे एके दिवशी बँकेत नेऊन भरले. माझा एक विद्यार्थी अशा कामांतला जाणता आहे. त्याने उतारा पाहून कपाळावर हात मारला. “गुरुजी, वर्षभर खात्यात काही नाही आणि अर्जाच्या आधी आठ दिवस एकदम एवढी रक्कम! ही उसनी आणलेली आहे असेच कोणीही समजणार. त्यांना आकडा मोठा नको, चाल सरळ हवी.” चूक माझी होती. वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो की विलंबित न भरता एकदम तानेवर उडी घेऊ नये, आणि स्वतः बँकेत तेच केले. चार महिने थांबलो. पाकिटे आली की दुसऱ्या दिवशी बँकेत. आयकराची तीन वर्षांची विवरणपत्रे सुदैवाने होती.

दुसरा घोळ घराचा. बडोद्यात मालमत्ता असल्याचा पुरावा जोडावा म्हणून सिटी सर्व्हेचे कार्ड काढले, तर त्यावर अजून आजोबांचे नाव. ते काही परत येण्याचा पुरावा देऊ शकत नाहीत.

कारण सगळ्या कागदांचे सार एकच आहे, हे हळूहळू लक्षात आले. तुम्ही का जाता यापेक्षा तुम्ही परत का याल, हे त्या अधिकाऱ्यास पटवावयाचे असते. त्यासाठी अर्जासोबत एक पत्र जोडण्याची रीत आहे. ते पत्र लिहावयास बसलो आणि लेखणी चालेना.

माझे थोरले बंधू १९९६ साली नवरात्रात एका गरबा-मंडळीबरोबर परदेशी गेले. हात वडिलांचा, किंबहुना काकणभर सरस. तीन महिन्यांचा परवाना होता. मंडळी दिवाळीला परत आली, बंधू आले नाहीत. पुढे पत्र आले, मग फोन येऊ लागले. नोकरी सापडली, कागद होतील असे पहिली काही वर्षे सांगत. नंतर ते सांगणेही बंद झाले. कागद नसलेला माणूस तेथे राहू शकतो, पण एकदा बाहेर पडला की पुन्हा आत जाऊ शकत नाही. तेथे संसार झाला, मुले झाली. २०११ साली वडील गेले तेव्हा खारीवावच्या घरी पाणी द्यायला मी एकटाच होतो. बंधू फोनवर होते. तिकडे पहाट होती.

वडिलांची जुनी पेटी त्यानंतर उघडली. तीत त्यांच्या सुवाच्य अक्षरातल्या एका इंग्रजी पत्राची कार्बन-प्रत निघाली. १९९६ ची. परदेशी वकिलातीस उद्देशून. आपण बडोदे दरबारचे माजी कलावंत असून आपला ज्येष्ठ पुत्र मुदतीत परत येईल याची हमी आपण देतो, असे त्यात होते. खाली सही आणि सहीखाली हुद्दा. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी संपलेला. त्या वकिलातीने ते पत्र वाचले की नाही, देव जाणे. वडिलांनी ते जपून ठेवले होते. बंधूंना त्यांनी कधी एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त सही करावयाची वेळ आली की त्यापुढे चष्मा पुसत बसत.

ती प्रत पुढ्यात ठेवून माझे पत्र लिहिले. अर्जात पती-पत्नी, मुले यांच्याविषयी प्रश्न असतात. भावाविषयी एक अक्षर नाही. तरी मला वाटत होते की पलीकडे बसलेल्यास सारे ठाऊक आहे. मी लिहिले की घरी पत्नी आहे, अकरावीतला मुलगा आहे, विद्यार्थी आहेत, त्यांच्या नोव्हेंबरात परीक्षा आहेत. आई शेजारी भाजी निवडीत होती. म्हणाली, “लिही, चौऱ्याऐंशी वर्षांची आई आहे.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “नको लिहू. त्यानेही लिहिले होते.” मी लिहिले. खरेच होते ते.

अमदाबादेस केंद्रावर गेलो. केंद्राचे काम कागद गोळा करण्याचे, निर्णय वकिलातीचा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, ओठ मिटलेले. दहा बोटांचे ठसे एका काचेवर घेतात. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट काही केल्या उमटेना. खिडकीतली मुलगी म्हणाली, “अंकल, शुं काम करो छो?” तंबोरा, म्हटले. तिला कळले नाही. ओल्या फडक्याने पुसून, दाबून, पाचव्या खेपेस उमटले. एकदा ठसे दिले की जवळपास पाच वर्षे पुन्हा द्यावे लागत नाहीत, असे तिने सांगितले. जणू मी दरवर्षी जाणार होतो.

कायद्याने पंधरा दिवसांत निकाल, फार तर पंचेचाळीस. माझा बाराव्या दिवशी आला. कुरिअरवाल्याकडून पाकीट आईनेच घेतले आणि मी शिकवणी संपवेपर्यंत मांडीवर धरून बसली. पानावर हिरवट चिकटपट्टी, मुक्काम बारा दिवसांचा. तिने विचारले, “यात परतीची तारीख कुठे आहे?” मी बोट ठेवून दाखवली. तिने कालनिर्णयचे पान उलटून त्या चौकोनात पेन्सिलीने माझे नाव लिहिले, आणि मला म्हणाली, “आता थोरल्याला फोन लाव. त्याला सांगू या.”