अकासा एअर वैमानिक राजीनामा प्रकरण

अकासा एअर वैमानिक राजीनामा प्रकरण हा २०२३ साली मुंबईस्थित किफायती विमान कंपनी अकासा एअर आणि तिचे वैमानिक यांच्यात सूचना कालावधीवरून निर्माण झालेला वाद होय.

पार्श्वभूमी

विनय दुबे, राकेश झुनझुनवाला आदींनी स्थापन केलेल्या या कंपनीचे पहिले उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई ते अहमदाबाद असे झाले. कंपनीच्या ताफ्यात केवळ बोईंग ७३७ मॅक्स विमाने आहेत. वैमानिकाला प्रत्येक विमानप्रकारासाठी स्वतंत्र पात्रता मिळवावी लागते. त्यामुळे याच प्रकारची विमाने वापरणाऱ्या एअर इंडिया एक्सप्रेससारख्या कंपनीत असा वैमानिक अल्प प्रशिक्षणाने रुजू होऊ शकतो.

सूचना कालावधी

नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार राजीनाम्यापूर्वी मुख्य वैमानिकाने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी सूचना देणे बंधनकारक आहे. वैमानिक घडवण्यास लागणारा काळ आणि प्रवाशांची गैरसोय ही त्यामागील कारणे होत. वैमानिक संघटनांच्या मते मात्र हा कालावधी अवाजवी असून नोकरी निवडण्याच्या स्वातंत्र्यावर त्यामुळे मर्यादा येते.

न्यायालयीन वाद

२०२३ मध्ये ४३ वैमानिकांनी हा कालावधी पूर्ण न करता नोकरी सोडल्याने कंपनीला अनेक उड्डाणे रद्द करावी लागली. कंपनीने काही वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. वैमानिकांनी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रास हरकत घेतली. तथापि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दावा मुंबईत चालवण्यास अनुमती दिली. नियमाच्या अंमलबजावणीसाठी कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयातही धाव घेतली. तेथे महासंचालनालयाने नोकरीच्या करारात आपण हस्तक्षेप करू शकत नसल्याची भूमिका मांडली.