उष्ण म्हणजे नेमकं किती उष्ण?

सप्टेंबर सरत आला, झाडांची पानं पिवळी-तांबडी व्हायला लागली, की अमेरिकेतल्या बेकऱ्यांमधून एक ठरावीक वास यायला लागतो. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस. लाल भोपळ्याच्या पायमध्ये हे पाचही मसाले पडतात. मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ मध्ये अशाच मसाल्यांची एकत्र पूड डबीत भरून विकायला काढली, २००३ मध्ये स्टारबक्सने त्याच वासाची कॉफी आणली, आणि आता तिकडे शरद ऋतू म्हटला की आधी हा वासच आठवतो.

हीच पाच नावं कागदावर लिहून एखाद्या पारंपरिक चिनी औषधाच्या दुकानात नेली तर? तिथे भिंतभर छोट्या छोट्या खणांचं लाकडी कपाट असतं. आपल्या कागदावरच्या चार नावांसाठी त्यातले खण भराभर उघडतील. पाचवं नाव, ऑलस्पाइस, मात्र जुन्या चिनी ग्रंथांत सापडत नाही. ते जमैका आणि मध्य अमेरिकेतलं झाड आहे, बाकीच्या जगाला ते कोलंबसनंतर कळलं. उरलेल्या चौघांना मात्र तिथे मसाला म्हणून नव्हे, औषध म्हणून ओळखतात. आणि खरी गंमत पुढेच आहे. आपण या सगळ्यांना सरसकट ‘उष्ण’ म्हणून मोकळे होतो. चिनी वैद्य तिथे थांबत नाही. तो विचारतो, किती उष्ण? ही उष्णता शरीरात कुठे जाते? वर चढते की खाली उतरते? कातडीपर्यंत येते की पोटातच राहते?

चीनच्या अधिकृत औषधकोशात, म्हणजे फार्माकोपियात, याची उत्तरं आजही छापलेली आहेत. ताजं आलं ‘किंचित उष्ण’. दालचिनीची कोवळी डहाळी, लवंग आणि जायफळ ‘उष्ण’. सुंठ त्याच्या वरच्या पायरीवर. आणि दालचिनीची साल ‘अतिउष्ण’. पायच्या एका तुकड्यात उष्णतेच्या इतक्या पायऱ्या एकत्र बसलेल्या असतात.

या पायऱ्या कुणा एकाने एका दिवसात ठरवलेल्या नाहीत. ‘शेननोंग बेन्त्साओ’ या प्राचीन ग्रंथात ३६५ औषधांची वर्गवारी आहे, त्यात दालचिनी वरच्या श्रेणीत आहे. पुढे मिंग काळात ली शिझेन या वैद्याने सुमारे २७ वर्षं खपून ‘बेन्त्साओ गांगमू’ हा महाग्रंथ १५७८ मध्ये पुरा केला. त्यात १,८९२ औषधं आणि अकरा हजारांवर पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, आहेत. ग्रंथ छापून बाहेर आला १५९६ मध्ये, ली शिझेनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

एक झाड, दोन औषधं

दालचिनीपासूनच सुरुवात करू. चीनच्या दक्षिणेला ग्वांगशी आणि ग्वांगदोंग प्रांतांत कॅशिया जातीची दालचिनी होते. तिची जाड साल बहुतेक करून शरद ऋतूत सोलतात आणि सावलीत वाळवतात. तिला म्हणतात रौ-ग्वेई. त्याच झाडाच्या कोवळ्या डहाळ्या वसंतात आणि उन्हाळ्यात कापतात. त्या झाल्या ग्वेई-झी. झाड एकच, पण दुकानात खण दोन, आणि कामंही दोन. डहाळी शरीराच्या बाहेरच्या बाजूला, हातापायांकडे आणि त्वचेकडे जाते, असं ही परंपरा मानते. म्हणून ती थंडी वाजून आलेल्या तापात वापरतात. खोडाची साल आत, खोलवर उतरते. म्हणून म्हाताऱ्या, थकलेल्या, हातपाय गार पडणाऱ्या माणसाला ती देतात. सालीचा काढा फार वेळ उकळत नाहीत. ती शेवटी टाकतात, किंवा पूड करून वरून देतात, कारण तिचं बळ तिच्या तेलात असतं आणि ते वाफेबरोबर उडून जातं. मसाला भाजताना किंवा फोडणी करताना आपणही हेच भान ठेवतो.

डहाळीचा सर्वांत प्रसिद्ध पाठ आहे ‘ग्वेई-झी काढा’. हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे सुमारे १८०० वर्षांपूर्वी, झांग झोंगजिंग या वैद्याने तो ‘शांग हान लुन’ या ग्रंथात नोंदवला. त्यात पाचच वस्तू आहेत. दालचिनीची डहाळी, पांढऱ्या पिओनीचं मूळ आणि ताजं आलं समान वजनाचं, त्याहून थोडं कमी ज्येष्ठमध, आणि बारा लाल बोरं. सात मापं पाणी आटवून तीन मापं करायचं आणि त्यातलं एकच माप आधी प्यायचं.

मला भारावून टाकतात त्या पुढच्या सूचना. काढा प्यायल्यावर थोड्या वेळाने गरमागरम पातळ पेज प्यायची, म्हणजे औषधाला जोर मिळतो. मग पांघरूण घेऊन साधारण दोन तास पडून राहायचं. घाम यायला हवा, पण अंग नुसतं ओलसर होईल इतकाच, धारा लागता कामा नयेत. पहिल्याच मापाने बरं वाटलं तर उरलेला काढा प्यायचा नाही. शिळे, थंड, चिकट पदार्थ, मांस आणि दारू टाळायची. अठराशे वर्षांपूर्वीचा वैद्य इथे औषधाइतकीच काळजी पेजेची, पांघरुणाची आणि घामाच्या प्रमाणाची घेतो आहे. आणि कधी थांबायचं, तेही सांगतो आहे.

आलं आणि सुंठ

आलं वाळवलं की सुंठ होते, एवढं आपल्याला ठाऊक असतं. चिनी परंपरेत मात्र आलं आणि सुंठ ही दोन वेगळी औषधं आहेत. ताजं आलं घाम आणतं, मळमळ थांबवतं. सुंठ पोटाच्या मध्यभागी बसून गारठा घालवते. सुंठ काळपट होईपर्यंत भाजली की तिसरं औषध तयार होतं, ते रक्तस्रावावर देतात. आणि आल्याची साल? ती चक्क शीत मानली जाते आणि सूज उतरवायला वापरतात. एकाच कंदाचा गर उष्ण आणि साल थंड!

आल्या-सुंठीच्या या फरकाला रसायनशास्त्राचाही आधार आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो. आलं वाळताना किंवा तापताना जिंजेरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होतं. शोगाओल जिंजेरॉलपेक्षा बरंच तिखट असतं. म्हणजे सुंठ आल्याहून वरच्या पायरीवर ठेवणाऱ्या जिभा बरोबर होत्या. आपल्याकडेही आयुर्वेदाने ‘आर्द्रक’ आणि ‘शुंठी’ यांचे गुण वेगळे सांगितले. चहात आलं ठेचून घालणारं आणि रामनवमीला सुंठवडा करणारं महाराष्ट्रातलं घर हा फरक रोज पाळत असतं.

झांग झोंगजिंगच्याच नावावर आल्याचा आणखी एक पाठ आहे. मटण, भरपूर ताजं आलं आणि डांग-ग्वेई नावाचं मूळ. पोटातल्या थंडीच्या दुखण्यावर आणि बाळंतिणीच्या पोटदुखीवर हा रस्सा द्यावा, असं त्याने लिहिलं. चिनी घरांत थंडी सुरू झाली की तो आजही शिजतो. आपण बाळंतिणीला सुंठीचे आणि डिंकाचे लाडू देतो. दोन्हीकडे बाळंतिणीच्या अंगात ऊब भरण्याचीच धडपड आहे.

लवंग: बादशहाचा हुकूम

लवंग चीनमध्ये पिकत नव्हती. ती आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरून समुद्रमार्गे येई. तरीही हान दरबारात तिचा थाट मोठा होता. बादशहापुढे बोलायला उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याने तोंडात लवंग धरायची, असा रिवाज होता. बादशहा ह्वान याच्या काळची, म्हणजे दुसऱ्या शतकातली, एक गोष्ट सांगतात. डियाओ त्सुन नावाच्या वयस्क अधिकाऱ्याच्या तोंडाला वास येई. बादशहाने त्याला एक लवंग दिली आणि तोंडात ठेवायला सांगितली. ती जिभेला झोंबली. आपल्या हातून काही अपराध घडला म्हणून विष दिलं, असं समजून तो घरी गेला आणि बायकामुलांचा निरोप घ्यायला लागला. सहकाऱ्यांनी ते ‘विष’ पाहिलं आणि हसू लागले.

वैद्यकात लवंगेचं काम खाली ढकलण्याचं. उलटी, उचकी, ढेकर, जे काही वर येतं ते ती खाली उतरवते, असं मानतात. उचकीवरच्या प्रसिद्ध काढ्यात तिच्या जोडीला पर्सिमॉन या शरद ऋतूतल्या फळाच्या देठाची टोपी घालतात. फळ खाऊन आपण जे टाकून देऊ, ते इथे औषध आहे. आणि एक नवल. एकत्र देऊ नयेत अशा औषधांची जी जुनी यादी चिनी वैद्य पाठ करतात, तिच्यात लवंगेचा वैरी म्हणून नोंदला आहे हळदीच्या कुळातला यू-जिन हा कंद. आपल्या रश्श्यात हळद आणि लवंग रोज शेजारी शेजारी उकळतात. तिकडच्या वैद्यकात मात्र त्या घराण्याशी लवंगेने फटकूनच राहायचं.

पिठात गुंडाळलेलं जायफळ

जायफळ इंडोनेशियातल्याच बांदा बेटांचं. शतकानुशतकं ते फक्त तिथेच पिकत होतं. चिनी वैद्यकात ते आतड्यांना आवळून धरणाऱ्या औषधांत बसतं, जुनाट जुलाबांवर देतात. पण कच्चं नाही. जायफळातलं तेल आतडं निसरडं करतं, म्हणजे जुलाब वाढवेल, असा विचार. म्हणून जुनी पद्धत अशी की जायफळाभोवती भिजवलेल्या पिठाचा थर द्यायचा आणि ते गरम राखेत पुरायचं. कणीक करपून पिवळी-तांबूस झाली, की ती फोडून टाकायची. आतलं जायफळ औषधाला तयार. जादा तेल पिठाने शोषून घेतलेलं असतं. आज हेच काम गव्हाच्या कोंड्यात १५० ते १६० अंश सेल्सियसला सुमारे पंधरा मिनिटं भाजून करतात. जायफळाला भेगा पडल्या आणि रंग तपकिरी झाला की ते बाहेर काढायचं. जायफळाच्या तेलात मायरिस्टिसिन असतं, ते जास्त पोटात गेलं तर विषारी ठरतं. ज्यांना रेणू ठाऊक नव्हते, त्यांनी ते कमी करण्याची युक्ती शोधून ठेवली होती.

भल्या पहाटे होणाऱ्या जुलाबांवर जी ‘चार दिव्य’ औषधांची गोळी देतात, तिच्यात या जायफळासोबत बावचीही आहे, आपल्या वैद्यांच्या ओळखीची. आणि जुलाबांवर सहाणेवर जायफळ उगाळून देणाऱ्या आज्या महाराष्ट्रात घरोघरी होत्या. तान्ह्या बाळाला मात्र सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये, हा आजचा वैद्यकीय सल्ला आहे.

मग शरदात हे खायचं की नाही?

इथे चिनी परंपरा आपल्याला चकित करते. तिच्या मते शरद हा कोरडेपणाचा ऋतू. त्याचा संबंध फुप्फुसांशी. तिखट, उष्ण पदार्थ कोरडेपणा आणखी वाढवतात. सातव्या शतकातल्या सुन सिम्याओ या थोर वैद्याने सांगून ठेवलं की शरदात तिखट कमी करा, आंबट वाढवा. म्हणून या दिवसांत चिनी घरांत खडीसाखर घालून नासपती शिजवतात, सोबत लिलीचा कंद किंवा पांढरी बुरशी. म्हणजे अमेरिकेत ओव्हनमध्ये दालचिनी-लवंग दरवळत असते, तेव्हा चीनमध्ये घसा ओला ठेवायची तजवीज चाललेली असते.

पण कॅलेंडर जरा नीट पाहा. भोपळ्याच्या पायचा मुख्य दिवस थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. चिनी पंचांगात हिवाळा सुरू होतो ७ नोव्हेंबरच्या सुमारास. म्हणजे पाय ताटात येतो, तेव्हा तिकडच्या हिशोबाने हिवाळाच लागलेला असतो, ऊब देणारं खाण्याचे दिवस. एकमेकांचं बोलणं कधी ऐकलं नसलेली दोन स्वयंपाकघरं हिवाळ्याच्या तोंडाशी एकाच डब्यात हात घालतात!

ही ऊब नुसती कल्पना नाही. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांच्या वर ते ‘गरम’ असा निरोप मेंदूला पाठवतं. मिरची आणि आलं यांमधली तिखट द्रव्यं तेच प्रथिन जागं करतात. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड त्याच्या भावंडाला, टीआरपीए-१ला चेतवतं. या शोधांच्या मालिकेसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला चाचण्यांचा बऱ्यापैकी आधार आहे. बाकीचे अनेक दावे अजून तितके पक्के नाहीत. गोडा मसाल्यातल्या चक्रफुलाचंच घ्या. त्यातल्या शिकिमिक आम्लापासून फ्लूवरचं टॅमीफ्लू तयार करतात, पण त्यासाठी कारखान्यात त्यावर अनेक रासायनिक प्रक्रिया कराव्या लागतात. नुसतं चक्रफूल उकळून पिण्याने फ्लू बरा होत नाही.

या परंपरेकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते ती मोजमापाची. चिनी औषधकोश दालचिनीच्या सालीची मात्रा १ ते ५ ग्रॅम सांगतो, लवंगेची १ ते ३ ग्रॅम, आणि गरोदर स्त्रियांनी साल जपून घ्यावी असं बजावतो. आधुनिक शास्त्राचीही दालचिनीबद्दल तक्रार आहे. कॅशियात कुमारिन असतं, ते जास्त झालं तर यकृताला इजा करू शकतं. युरोपीय तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे २ ग्रॅम कॅशिया पूड म्हणजे ती मर्यादा गाठली. साखर उतरेल या आशेने रोज चमचा-चमचा दालचिनी फाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. श्रीलंकेच्या पातळ सालीच्या दालचिनीत कुमारिन अगदी नगण्य असतं, रोज घ्यायचीच असेल तर ती घ्या. आणि रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर कोणत्याही मसाल्याचा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.