मशेरीचा तवा आणि गालातली पेशी

शिरूर-दौंडकडच्या वाड्यावस्त्यांवर भाकरीचा तवा उतरला की कधी कधी त्याच चुलीवर जुना, फुटका तवा चढतो. त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, ठसका लागला की तोंडाला पदर धरायचा, मग चुरून डबीत भरायची. ही मशेरी. आजी ती बोटाने हिरड्यांना लावते आणि तिला व्यसन म्हणायला घरात कुणी तयार नसतं.

भाजल्याने तंबाखूत बेन्झोपायरीनसारखी घातक रसायनं वाढतात. शरीरात गेल्यावर बेन्झोपायरीनच्या रेणूचं रूप पालटतं आणि तो डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ला चिकटतो. पेशीचं विभाजन होताना नेमकी तिथेच नक्कल चुकते. ‘जी’च्या जागी बरेचदा ‘टी’ येतो. पेशी अशा बहुतेक चुका दुरुस्त करते. एखादी राहते.

ती कुठल्या जनुकात राहिली, यावर पुढचं ठरतं. ‘एचरास’ हे जनुक पेशीला वाढीचा हुकूम देतं. त्यातलं एकच अक्षर बदललं तरी हुकूम थांबत नाही, हे १९८२ मध्ये कळलं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर अडकावा, तसं. ‘टीपी५३’ हा राखणदार. डीएनए बिघडलेल्या पेशीला तो थांबवतो, नाहीतर संपवतो. तोच निकामी झाला की अडवणारं कोण? तरी एका चुकीने कर्करोग होत नाही. एकाच पेशीच्या वंशात अशा चुका वर्षानुवर्षं साठतात, म्हणून विशीत लागलेली मशेरी पन्नाशीत गाठते.

गाल आणि हिरड्यांच्या कर्करोगात नेमकी कुठली जनुकं बिघडतात, हे खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र ‘ॲक्ट्रेक’ आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. ५० रुग्णांच्या गाठींचा डीएनए वाचून आणखी ६० रुग्णांत पडताळा घेतला. २०१३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ‘टीपी५३’ आणि ‘एचरास’ होतेच. शिवाय या कर्करोगाची खास अशी पाच जनुकं हाती लागली.

‘आमच्या घराण्यात कुणाला नव्हता’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. एकूण कर्करोगांपैकी शंभरात पाच ते दहाच आनुवंशिक दोषाने होतात. बाकीच्यांत जनुकांतले बदल जन्मानंतर घडतात. गालातले तर बरेचदा डबीतल्या चिमटीने.

आजीला, आईला आज उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तीन बोटंही न मावणारं तोंड, यातलं काही दिसलं तर सुगी उरकायची वाट पाहू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात याच आठवड्यात दाखवा.