सिझ्वे बांझी इज डेड
सिझ्वे बांझी इज डेड : दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषी राजवटीच्या काळातील एक श्रेष्ठ इंग्रजी नाटक. ॲथल फ्यूगार्ड (११ जून १९३२–८ मार्च २०२५) हा गौरवर्णीय नाटककार आणि जॉन कानी (१९४३– ) व विन्स्टन न्त्शोना (१९४१–२०१८) हे दोन कृष्णवर्णीय नट अशा तिघांनी ते संयुक्तपणे रचले. एका छायाचित्रकाराच्या दुकानातील हसऱ्या माणसाचे छायाचित्र ही त्याची मूळ प्रेरणा होय. त्यावरून नटांनी तालमींतून उत्स्फूर्त प्रसंग उभे केले व त्यांतून संहिता आकारास आली. नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९७२ रोजी केपटाउनमधील ‘द स्पेस’ या रंगमंदिरात झाला.

नाटक घडते ते पोर्ट एलिझाबेथ (२०२१ पासून गकेबेऱ्हा) या बंदराच्या शहरी व त्याच्या न्यू ब्रायटन या कृष्णवर्णीय वस्तीत. १८२० मध्ये आलेल्या ब्रिटिश वसाहतकारांमुळे या शहराची वाढ झाली. विसाव्या शतकात तेथे मोटारींचे कारखाने निघाले आणि रोजगारासाठी आसपासच्या ग्रामीण भागांतून लोक येऊ लागले. त्यांचे श्रम शहरास हवे होते. मात्र त्यांची वस्ती नको होती. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक व्यक्तीचा वंश ठरवून टाकला. १९५२ च्या कायद्याच्या नावात ‘पास रद्द करणे’ असे शब्द असले, तरी प्रत्यक्षात त्याने सोळा वर्षांवरील कृष्णवर्णीयांना छायाचित्र, बोटांचे ठसे व नोकरीची नोंद असलेले पासबुक बाळगणे सक्तीचे केले. परवान्यावाचून शहरात ७२ तासांहून अधिक काळ राहणे हा गुन्हा ठरला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर झालेल्या गोळीबारात ६९ जण मृत्युमुखी पडले.

नाटकाचा प्रारंभ स्टाइल्स या छायाचित्रकाराच्या दीर्घ व विनोदी स्वगताने होतो. फोर्ड कारखान्यातील नोकरी सोडून त्याने स्वतःचे दुकान थाटले आहे. बड्या साहेबाच्या भेटीपूर्वी कारखान्यात उडालेल्या धांदलीची तो नक्कल करतो. ज्यांची इतिहासाने नोंद घेतली नाही, त्या सामान्य माणसांच्या आठवणी आपण जपतो, असा त्याला अभिमान आहे. रॉबर्ट झ्वेलिन्झिमा असे नाव सांगणारा एक बुजरा ग्राहक गावाकडील पत्नीस पाठविण्यासाठी छायाचित्र काढावयास येतो. पत्नीला लिहावयाच्या पत्रातून त्याची हकीकत उलगडते. त्याचे खरे नाव सिझ्वे बांझी. तीन दिवसांत शहर सोडण्याचा शिक्का त्याच्या पासबुकावर बसला आहे. गावी काम नाही आणि पत्नी व चार मुले त्याच्यावर अवलंबून आहेत. बुंटू या मित्रासह रात्री परतताना वाटेत एका माणसाचे प्रेत आढळते. मृताच्या पासबुकात काम शोधण्याचा परवाना असतो. दोन्ही पुस्तकांतील छायाचित्रे बदलावीत, असे बुंटू सुचवितो. म्हणजे रॉबर्ट जिवंत राहील आणि सिझ्वे मेला, असे सरकारदरबारी नोंदले जाईल. नाव टाकावयाचे, तर आपल्या पत्नीचे व मुलांचे काय, या प्रश्नाने सिझ्वे व्याकूळ होतो. अखेर तो राजी होतो. बुंटू त्याच्याकडून मृताचा नोंदणी क्रमांक घोकून घेतो. नाटकाची अखेर कॅमेऱ्यासमोरील हास्याने होते.

माणूस त्याच्या नावात असतो की कागदात, हा या नाटकाचा गाभा. खोसा भाषेत ‘सिझ्वे’ या शब्दाचा अर्थ राष्ट्र असा असल्याने शीर्षकास दुहेरी अर्थ प्राप्त होतो. नायकास लाभणारे स्वातंत्र्य हे स्वतःच्या मरणाच्या मोबदल्यात मिळालेले व एखादी चौकशी होईपर्यंतच टिकणारे आहे. १९०८ मध्ये जोहॅनिसबर्ग येथे महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी नोंदणीपत्रांची जाहीर होळी केली होती. सिझ्वे मात्र कागद जाळीत नाही, कागदालाच फसवितो. यात प्रतिकारापेक्षा तडजोड अधिक आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु जी व्यवस्था माणसाला केवळ क्रमांक मानते, तिला एका क्रमांकाऐवजी दुसरा चालतो, हे दाखवून नाटक त्या व्यवस्थेचे पोकळपण उघड करते. रंगमंचावर मोजकेच सामान आणि दोनच नट असतात. स्टाइल्स व बुंटू या दोन्ही भूमिका एकच नट करतो. प्रेक्षकांशी थेट संवाद साधण्याची रीत आणि हास्यातून वेदनेकडे होणारे संक्रमण ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये होत.

नाटकातील वास्तव नटांनाही चुकले नव्हते. कानी यांनी स्वतः फोर्ड कारखान्यात काम केले होते. नट हा व्यवसाय कृष्णवर्णीयांच्या बाबतीत सरकारला मान्य नसल्याने कानी व न्त्शोना यांची नोंद फ्यूगार्ड यांचे घरगुती नोकर म्हणून करावी लागली. १९७३ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंदिरात व १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रयोग झाले. १९७५ मध्ये या दोघांना सर्वोत्कृष्ट अभिनयाचे टोनी पारितोषिक संयुक्तपणे देण्यात आले. तथापि पुढच्याच वर्षी ट्रान्सकाय येथे या नाटकाच्या प्रयोगानंतर त्यांना अटक झाली. जगभर निषेध झाल्यावर त्यांची सुटका करण्यात आली.

पासचे कायदे १९८६ मध्ये व लोकसंख्या नोंदणी कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. तरीही नाटकाचे प्रयोग होत राहिले. पीटर ब्रुक यांनी २००६ मध्ये ते फ्रेंचमध्ये सादर केले. कागदपत्रांवाचून माणसाचे अस्तित्व नाकारले जाते, तेथे तेथे या नाटकातील प्रश्न जिवंत राहतो.