विश्लेषण : झाडाला पाणी, कुत्र्याला पाणी... आणि स्वतःला?

नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात निवृत्तांचा दिवस बाग, घर आणि कुत्रा यांच्यात जातो. घरातल्या सगळ्यांच्या तहानेचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाची स्वतःची तहान मात्र वयाने मंदावलेली असते. उन्हाळ्यातला खरा धोका तिथे आहे.

लातूरच्या औसा रोडवरच्या किंवा नांदेडच्या तरोडा भागातल्या एखाद्या वसाहतीत मे महिन्यात पहाटे साडेपाचला डोकावले, तर हे चित्र हमखास दिसते. डोक्याला रुमाल बांधलेले एक गृहस्थ कुत्र्याला फिरवून परत येतात. मग बादली आणि तांब्या घेऊन एकेका कुंडीपाशी थांबतात. मोगऱ्याच्या कळ्या परडीत पडतात, अंगणात सडा होतो, कूलरची टाकी भरली जाते. आठ वाजता ऊन ओट्यावर येते आणि दार लागते. नोकरी शाळेत झालेली असो, बँकेत किंवा एसटीत, पुढचे आठ-नऊ तास घराबाहेर कोणतेही काम नसते.

दिवस पाण्याभोवतीच का फिरतो?

लातूरकरांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. मांजरा धरण कोरडे पडल्यावर 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागू करावी लागली होती. तो उन्हाळा पाहिलेला माणूस तांदूळ धुतलेले पाणी मोरीत सोडत नाही. नांदेड गोदावरीकाठी आहे, विष्णुपुरीचा जलाशय शहराला लागून आहे. पण साठा खाली गेला की नळाचे वेळापत्रक तिथेही बदलतेच.

साठवणुकीची ही सवय चांगली, पण तिला एक खोट आहे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. त्यामुळे पिंप, हौद आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी लागते. पाणी जपून वापरणाऱ्याला हा कोरडा दिवस जिवावर येतो. टाकीतले पाणी झाडांना घालून तो पाळता येतो.

बागेत नेमके काय चुकते?

दुपारी मान टाकलेले झाड दिसले की माया येते आणि तांब्या उचलला जातो. पण भर उन्हात अनेक झाडे तात्पुरती मलूल होतात. मुळे शोषतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडते, इतकेच. संध्याकाळी ती आपोआप ताठ होत असतील, तर ती तहानलेली नव्हती. मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरे खाली ओल असेल तर पाणी नको.

दुसरी चूक आरओच्या पाण्याची. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते कुंड्यांत जाते. त्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट झालेले असतात, आणि बोअरचे पाणी मुळातच जड असेल तर विचारायलाच नको. काही महिन्यांत मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात. हे पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरावे. कूलरच्या टाकीतही पाणी उडून क्षार मागे राहतात. म्हणून तिचे पाणी एकाच कुंडीत रोज नको, जमिनीतल्या मोठ्या झाडांना घालावे.

सगळ्यात स्वस्त उपाय आच्छादनाचा. उसाचे पाचट किंवा सोयाबीनचा भुसा या भागात मिळतोच. मातीवर त्याचा तीन-चार बोटे थर दिला की ओल टिकते. दुसरा उपाय तर देवळातच आहे. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात, तेच भोक पाडलेले मडके तुळशीशेजारी टांगले की ठिबक सिंचन झाले.

कुत्र्याचे काय?

लातूर जिल्ह्याला कुत्र्यांचे कौतुक जुने. चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. आखूड केसांची, सडपातळ अंगाची ही जात इथल्या हवेला सरावलेली. शहरात मात्र घरोघरी लॅब्राडॉर, पामेरियन आणि पग दिसतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून शरीर थंड करते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही.

फिरायला नेण्याआधी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका सोसत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेले दिसते, पण डांबर तापलेलेच असते. धाप थांबत नाही, लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, चाल अडखळते, ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी साधे पाणी अंगावर ओतून पंख्याखाली ठेवावे आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

घरात बसूनही उकाडा का?

या प्रश्नाचे उत्तर काही अंशी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेत आहे. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार जीव गेले. त्यानंतर या पट्ट्यात माळवदाबद्दल धास्ती बसली आणि पातळ भिंतींची, सिमेंटची घरे आली. ते योग्यच होते. पण मातीचा जो थर जीव घेऊ शकत होता, तोच दुपारचे ऊन आत येऊ देत नव्हता. आजचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खाली सोडतो. हवामान खाते मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश आणि सरासरीहून साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट 45 अंशांवर गेले, तर उष्णतेची लाट मानते. हे तापमान सावलीतल्या हवेचे असते. गच्चीखालच्या खोलीत रात्री दहाला काय असते, ते कुठल्या बातमीत येत नाही. गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात दिला तरी फरक पडतो.

धोका ज्येष्ठांनाच जास्त का?

वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते, घामही कमी येतो, मूत्रपिंडे पाणी राखण्यात मागे पडतात. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. म्हणजे शरीरात पाणी कमी पडत असते आणि घसा मात्र तक्रार करत नाही. ‘तहान लागली नाही’ हे उत्तर सत्तरीत पुरेसे नाही. चहा मोजून घेतला जातो, तसे पाणीही मोजून, ठरलेल्या वेळी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गोळ्याही मनाने बंद करू नयेत. जुलाब किंवा घामाने थकवा आला आणि ओआरएसचे पाकीट हाताशी नसेल, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा. मधुमेह असणाऱ्यांनी हेही विचारून घ्यावे.

घरच्यांना कळण्याची खूण मात्र वेगळी आहे. लघवी गडद होणे, उठताना चक्कर येणे हे आजोबा सांगत नाहीत. पण नेहमी शांत असलेला माणूस चिडचिड करू लागला, बोलताना अडखळला, दिवस-वार विसरला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. सावलीत आडवे करावे, कपडे ओले करून पंखा लावावा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि 108 ला फोन करावा.

कुत्र्याचे भांडे दिवसातून चार वेळा भरले जाते. त्याच वेळी शेजारचा तांब्या भरून तो रिकामा करायचा, ही सोय काही घरांत आधीपासूनच आहे.