दर्याची ओळख – भाग ९ : मुशी लहान की मुशीचं पिल्लू?

डोलीत किंवा गळाला दीड-दोन फुटांची मुशी लागली आणि ती रोजच्यासारखी दिसत नसली, की बंदरावर माणसं गोळा होतात. जो तो नाव सुचवू लागतो. माझ्या मते नावाची घाई नंतर करावी. आधी पाहायचं ते एवढंच, की समोरचा प्राणी पूर्ण वाढलेला आहे का.

त्याच्याही आधी, ती मुशीच आहे ना? सकला माशाचं पट्टेरी पोर पाण्यातून वर येताना थेट शार्क वाटतं. पण सकल्याच्या गालावर कल्ल्यांचं एकच झाकण असतं, तर आपल्याकडच्या मुशीच्या मानेवर दोन्ही बाजूंना पाच-पाच उघड्या फटी. या फटी अंगाच्या खालच्या बाजूला, पोटाकडे असतील तर तो पाकटाच्या कुळातला प्राणी समजावा, मग शेपूट कितीही मुशीसारखी असो.

आता वयाकडे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ढिगांनी येणारी मुशी, स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, जन्मभर लहानच राहते. नर जेमतेम फूटभर झाला की वयात येतो आणि मोठ्यात मोठा नमुनाही पाऊण मीटरच्या आतला. उलट कानमुशीच्या एका मोठ्या जातीचं पिल्लू जन्मतःच दीड फुटाच्या आसपास असतं आणि बुल शार्कचं साधारण दोन फुटांचं. म्हणजे लिलावाच्या एकाच टोपलीत आजी आणि तान्हं बाळ सारख्याच लांबीचे पडलेले असू शकतात, फक्त वेगवेगळ्या जातींचे.

याचं उत्तर पोटावर मिळतं. मुशी उताणी करून छातीच्या दोन परांच्या मधोमध पाहावं. तिथे चीर किंवा ताजा व्रण दिसला तर ती नाळेची खूण, आणि प्राणी नुकता जन्मलेला. पिल्लं घालणाऱ्या जातींत ही खूण दिसते आणि काही आठवड्यांत बुजत जाते. नर असेल तर पोटाच्या परांपाशी दोन दांडे असतात. ते आखूड आणि मऊ असतील तर प्राणी अजून पोरवयातला. लांब आणि आतून कडक झालेले असतील तर तो प्रौढ, आणि लांबी दोन फूटच असेल तर जातच छोटी. मादीचं वय असं बाहेरून सांगता येत नाही.

स्कोलिओडॉनबद्दल इथे थोडं थांबायला हवं. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. त्यात बलक नसल्यातच जमा, म्हणून गर्भाचं जवळजवळ सगळं पोषण नाळेतून होतं, आणि एका वेळी डझनभर पिल्लंही होऊ शकतात. बाजारात सगळ्यात स्वस्तात जाणाऱ्या या मुशीची गर्भरचना शार्कांमध्ये सर्वांत विकसित रचनांपैकी एक मानली जाते. तिचं थोबाड फावड्यासारखं चपटं असतं आणि पाठीवरचा पहिला पर बराच मागे, पोटाच्या परांच्या जवळ असतो. तिच्याशी गल्लत होते ती मिल्क शार्कची. मिल्क शार्कच्या तोंडाच्या कोपऱ्यांतून लांब खाचा निघतात, स्कोलिओडॉनच्या नावापुरत्याच असतात.

बांबू शार्क मिळाली की मात्र फोटोंचा पाऊस पडतो. नाकाशी मिशा, तोंड डोळ्यांच्या पुढे, लांबलचक शेपूट, पिल्लांच्या अंगावर गडद आडवे पट्टे. मोठेपणी यांतल्या काही जातींचे पट्टे विरून अंग करडं-तपकिरी होतं, त्यामुळे आई आणि मूल दोन वेगळ्या जातींचे वाटतात. दिसायला अजब असली तरी अरबी समुद्रात ती नवलाची नाही. पाण्याबाहेर ती बराच वेळ तग धरते, तेव्हा हलताना दिसली तर परत सोडावी, वाचण्याची शक्यता चांगली असते.

खरी दुर्मीळ मुशी बहुधा अगदी साधी दिसते. पाँडिचेरी शार्क जेमतेम मीटरभर वाढते. परांची टोकं काळी, बाकी अंग करडं, म्हणजे स्पॉट-टेलसारख्या नेहमीच्या मुशीत सहज मिसळून जाईल अशी. तिची शेवटची खात्रीची नोंद १९७९ची मानली जाते. वरच्या दातांच्या बुडाशी जाड करवती दाते आणि टोक मात्र गुळगुळीत, ही तिची खूण. दात न पाहता तिच्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. २०१६ साली मुंबईच्या ससून डॉकवर आलेली गंगा शार्कही वरवर पाहता बुल शार्कच. ती अडीच मीटरांहून मोठी होती, आणि तरीही जाणकार नजर पडली म्हणूनच ओळखली गेली. या दोन्ही जाती २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

पोटावरची नाळेची खूण किती कामाची, याचं एक उदाहरण दूरच्या समुद्रातलं. २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका अमेरिकी संशोधन जहाजाच्या जाळ्यात १४ सेंटिमीटरचा एक नर शार्क आला. तो गोठवून ठेवला गेला आणि थेट २०१३मध्ये संशोधक मार्क ग्रेस यांच्या हाती लागला. छातीच्या परांमागे दोन लहान खिसे आणि पोटावर नाळेची खूण होती, म्हणजे ते पिल्लूच. त्या आधी असे खिसे असलेला शार्क एकदाच, १९७९मध्ये, पूर्व प्रशांत महासागरात मिळाला होता. कण्यातले मणके मोजल्यावर दोघे वेगळे ठरले आणि २०१९मध्ये या पिल्लाला मोलिस्क्वामा मिसिसिपीएन्सिस हे नाव मिळालं.

तेव्हा अनोळखी मुशी मेलेली असेल तर साफ करण्याआधी तिचे फोटो घ्यावेत: एक बाजूने पूर्ण, एक पोटाकडून, एक डोक्याच्या खालच्या बाजूचा, एक दातांचा अगदी जवळून. शेजारी मोजपट्टी हवी, शेपूट सरळ ताणलेली. रंगावर फार विसंबू नये, बर्फात तो उतरतो. फोटो किनाऱ्यावरच्या मत्स्य संशोधन केंद्राकडे पाठवावेत आणि जमलं तर मुंडकं गोठवून ठेवावं, कारण दात फोटोत नीट येतीलच असं नाही.